अमेरिकेतल्या काउंटीतून घटस्फोटाच्या डिक्रीची सर्टिफाइड कॉपी नागपुरात बसून कशी मागवायची?

मनीषनगर_दादा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहून राहिलो पण पूर्ण वाचा अशी विनंती आहे, आमच्या घरात सध्या दुसरा विषयच नाही. माझ्या लहान बहिणीचं लग्न 2013 मध्ये इथंच नागपूरला झालं, हिंदू पद्धतीनं, नोंदणीही केली होती. मग ती टेक्सासला गेली, फ्रिस्कोला राहायची, तिथं नाही जमलं आणि 2019 मध्ये तिकडच्याच कोर्टात दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. 2021 ला ती परत आली, आता मिहानमध्ये नोकरी करते. तिचं दुसरं लग्न ठरलं आहे, मुलगा आणि त्याच्या घरचे एकदम समजूतदार आहेत, त्यांना सगळं आधीच सांगितलेलं आहे, आणि स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली साधं रजिस्टर लग्न करायचं ठरलं.

तर लग्नाची नोटीस द्यायला विवाह नोंदणी ऑफिसात गेलो तेव्हा खिडकीवरच्या मॅडमनी विचारलं की डिक्रीची, म्हणजे घटस्फोटाच्या कोर्टाच्या हुकुमाची, सर्टिफाइड कॉपी कुठं आहे. आमच्याकडं फक्त तिच्या तिकडच्या वकिलानं तेव्हा मेलवर पाठवलेली पीडीएफ आहे, 18 पानं, जजची सही दिसते पण शिक्का कुठंच नाही. मॅडम चांगल्याच बोलल्या, म्हणाल्या दादा ही झेरॉक्सच झाली नं, याच्यावर मी नाही घेऊ शकत, कोर्टाच्या शिक्क्याची आणा. बहीण बाहेर येऊन बाकड्यावर बसली, काहीच बोलली नाही, घरी येईपर्यंत गाडीत पण नाही.

मी तिकडच्या काउंटी क्लर्कला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मेल केली तर उत्तर आलं की आमच्याकडं घटस्फोटाचं रेकॉर्ड नसते. आता काउंटीचं ऑफिस म्हणते आमच्याकडं नाही तर मग आहे कोणाकडं? इथला एक एजंट भेटला, तो म्हणतो 40 हजार द्या, मी पीडीएफचीच प्रिंट काढून तिकडून नोटरी करून आणून देतो. वकिलाचा फोन आता लागत नाही. बहिणीला आधीच्या नवऱ्याला एक मेसेज पण करायचा नाही आणि आम्ही पण तिला ते करायला लावणार नाही. आई रोज रात्री विचारते की कागद आला का. कोणी हे केलं असेल तर सांगा, तिला स्वतः तिकडं जावं लागेल का, विसा तर कधीचाच संपला.

प्लानो_ते_प्रतापनगर

दादा, सगळ्यात आधी त्या एजंटला नाही म्हणा, आजच. घटस्फोटाची डिक्री म्हणजे कोर्टाचं रेकॉर्ड आहे, त्याची खरी प्रत फक्त ज्याच्या ताब्यात रेकॉर्ड आहे तो क्लर्कच देऊ शकते. टेक्सासच्या नोटरीला असल्या सरकारी रेकॉर्डची कॉपी सर्टिफाय करायचा अधिकारच नाही. 40 हजार देऊन तुम्हाला परत झेरॉक्सच मिळणार, फक्त नोटरीचा शिक्का मारलेली.

मी तिकडं नऊ वर्षं होतो आणि माझ्या चुलत भावाचे हेच कागद मी स्वतः काढून पाठवले आहेत म्हणून सांगतो. टेक्सासमध्ये एकाच काउंटीत दोन वेगवेगळे क्लर्क असतात, काउंटी क्लर्क आणि डिस्ट्रिक्ट क्लर्क. मॅरेज लायसन्स, जमिनीचे कागद हे काउंटी क्लर्ककडं. घटस्फोटाची केस चालते डिस्ट्रिक्ट कोर्टात म्हणून तिचं रेकॉर्ड डिस्ट्रिक्ट क्लर्ककडं. तुम्हाला उत्तर बरोबरच आलं, फक्त पत्ता चुकला होता. आणि लग्न कुठं झालं याच्याशी त्या रेकॉर्डचा काही संबंध नसते, केस ज्या काउंटीत दाखल झाली तिथंच कागद राहते.

आता फ्रिस्कोची एक गंमत अशी की ते गाव दोन काउंट्यांत आहे, थोडं कॉलिनमध्ये आणि थोडं डेंटनमध्ये. म्हणून अंदाजानं अर्ज करू नका. तुमच्याकडं पीडीएफ आहे नं, तिचं पहिलं पान उघडा. वरच्या बाजूला कॉज नंबर असेल (तिकडं केस नंबरला कॉज नंबर म्हणतात), आणि त्याच्याखाली डाव्या बाजूला 'इन द मॅटर ऑफ द मॅरेज ऑफ' करून दोघांची नावं आणि उजव्या बाजूला डिस्ट्रिक्ट कोर्ट आणि काउंटीचं नाव. ते नाव आणि तो नंबर मिळाला की अर्धं काम झालं. ज्यांच्याकडं काहीच कागद नाही त्यांनी दोन्ही काउंट्यांच्या साइटवर नावानं शोधायचं, नाहीतर रीसर्च-टीएक्स म्हणून पूर्ण टेक्सासच्या कोर्टांचं पोर्टल आहे तिथं. शोधताना आपल्या लोकांचा घोळ नावातच होतो, पासपोर्टवर मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं, आडनावाचं स्पेलिंग पण वेगळं, म्हणून माहेरचं आणि सासरचं दोन्ही आडनावं टाकून पाहा आणि जमलं तर आडनावाची पहिली चार-पाच अक्षरंच टाका.

बहिणीला जायची अजिबात गरज नाही. टेक्सासमध्ये घटस्फोटाची डिक्री साधारण पब्लिक रेकॉर्ड असते, कोर्टानं मुद्दाम सील केली नसेल तर कोणीही जाऊन कॉपी मागू शकते. तिच्या आधीच्या नवऱ्याला विचारायची तर काहीच गरज नाही आणि क्लर्क पण त्याला कळवायला जात नाही. तिकडं कोणी नात्यातलं, मित्र, कॉलेजचं असेल तर त्याला कॉज नंबर द्या, तो काउंटरवर जाऊन सर्टिफाइड कॉपी घेऊन येईल. कोणीच नसेल तर पोस्टानं अर्ज करता येतो. फी पानामागे एक डॉलरच्या आसपास असते, 18 पानं म्हणजे काही फार नाही, दोन सेट मागवा. फोन करायचा असेल तर उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे 8 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात, सकाळी सकाळी फोन लवकर उचलतात असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मागताना स्पष्ट बोला, 'फायनल डिक्री ऑफ डिव्होर्सची सर्टिफाइड कॉपी, सगळी पानं'. नाहीतर लोक व्हायटल स्टॅटिस्टिक्सला (जन्म, मृत्यू, लग्नाच्या नोंदी ठेवणारं राज्याचं ऑफिस) 20 डॉलर भरून बसतात. तिथून व्हेरिफिकेशन लेटर मिळते, 1968 पासूनच्या घटस्फोटांचं, पण त्याच्यात एवढंच असते की अशी अशी नोंद आहे. डिक्री नाही ती. इथं खिडकीवर ते लेटर दाखवलं तर परत पाठवतील.

मनीषनगर_दादा

भाऊ खूप आभार, आत्ताच पीडीएफ उघडली, कॉलिन काउंटी लिहिलं आहे आणि नंबर पण आहे. इतके महिने आम्ही ती पीडीएफ दहा वेळा पाहिली असेल पण वरती काय लिहिलं ते कोणी वाचलंच नव्हतं. माझा मावसभाऊ अर्व्हिंगला राहते, त्याला सांगतो. अपोस्टिल पण लागेल का? ते दिल्लीहून करावं लागते असं एक जण म्हणाला.

प्लानो_ते_प्रतापनगर

नाही नाही, दिल्ली नाही. अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं परदेशात दाखवायचं प्रमाणपत्र, ज्या देशाचा कागद आहे तिथलंच सरकार लावते. दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय भारतातल्या कागदांना लावते, तुमचा कागद टेक्सासचा आहे म्हणून ऑस्टिनचं सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस. भारत 2005 मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, अमेरिका आधीपासून होतीच, त्यामुळं आता एम्बसीच्या चकरा नाही. अर्जाचा फॉर्म 2102, एका कागदाचे 15 डॉलर, फॉर्मवर कोणत्या देशासाठी पाहिजे ते लिहायचं म्हणजे इंडिया, आणि सोबत परतीचं तिकीट लावलेलं पाकीट. चेक किंवा मनी ऑर्डर अमेरिकन बँकेची लागते म्हणून हे पण मावसभावालाच करू द्या. अर्व्हिंगहून मॅकिनी साधारण तासाभराच्या आत, कॉलिनचं कोर्ट मॅकिनीला आहे, डॅलसला नाही हे त्याला सांगून ठेवा.

आणि हे नीट वाचा, सर्टिफाइड कॉपीची सगळी पानं एकत्र स्टेपल केलेली असतात आणि शेवटी क्लर्कची सही-शिक्का असते. ती स्टेपल काढायची नाही. स्कॅन करायला नाही, झेरॉक्सला नाही, कशालाच नाही. मी माझ्या चुलत भावाच्या वेळेस हौशीनं स्टेपल काढली, छान एकेक पान सरळ करून स्कॅन केलं, परत पिन मारली, आणि मग माझ्या लक्षात आलं की आता याच्यातलं एखादं पान मी बदललं नाही हे कोणाला कसं पटवणार. परत जाऊन परत पैसे भरून नवी कॉपी घेतली. त्या दिवशी बर्फ पडत होता, मला अजून आठवते.

वकीलताई_सिव्हिललाइन्स

वरची माहिती चांगली आहे, पण दादा, कागद आणायच्या आधी एक काम करा, शेवटची दोन पानं मला हवी आहेत म्हणून नाही, तुमच्यासाठी वाचा. परदेशातली डिक्री हातात आली म्हणजे ती इथं चालतेच असं नाही, आणि बहुतेक लोक इथंच फसतात.

तुमच्या बहिणीचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं. सुप्रीम कोर्टानं 1991 मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या केसमध्ये सांगितलं की परदेशी कोर्टाचा घटस्फोट इथं कधी मान्य होतो. ती केस पण काउंटीचीच होती, मिझुरीतल्या सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टाची डिक्री. लग्न तिरुपतीला झालेलं, नवऱ्यानं तिकडून डिक्री आणली, इथं दुसरं लग्न केलं, आणि पहिल्या बायकोनं दुसऱ्या लग्नाचा गुन्हा दाखल केला. त्यानं कोर्टात काय दाखवलं तर डिक्रीची फोटोस्टॅट. तेवढ्यावर कोर्टानं ती पुरावा म्हणून धरलीच नाही. म्हणून खिडकीवरच्या मॅडमनी तुम्हाला जे सांगितलं ते तुमच्या भल्याचं आहे, राग धरू नका.

मुख्य मुद्दा असा की टेक्सासमध्ये बहुतेक घटस्फोट 'इन्सपोर्टेबिलिटी' या कारणावर होतात, म्हणजे पटत नाही एवढंच. आपल्या कायद्यात नुसतं पटत नाही हे कारण नाही. एकानं तिकडं अर्ज केला, दुसरा गेलाच नाही आणि एकतर्फी डिक्री झाली, तर ती इथं टिकणं अवघड. पण दुसऱ्या बाजूनं मोकळेपणानं संमती दिली असेल तर त्याच निकालात त्याला अपवाद ठेवला आहे. म्हणून शेवटचं पान बघा. टेक्सासच्या डिक्रीत जजच्या सहीनंतर बहुतेक 'अप्रूव्ड अँड कन्सेंटेड टू अ‍ॅज टू बोथ फॉर्म अँड सब्स्टन्स' असं लिहून खाली दोघांच्या सह्या असतात. ती ओळ आणि तिच्याखाली दोन सह्या असतील तर तुमची बाजू बरीच मजबूत आहे. फक्त सुरुवातीला 'वेव्हर ऑफ सर्व्हिस' (समन्स बजावायची गरज नाही असं लिहून दिलेला) असा कागद असेल आणि डिक्रीवर एकाचीच सही असेल तर मात्र लग्नाआधी वकिलाला कागद दाखवा. गरज पडली तर फॅमिली कोर्टात वैवाहिक स्थितीबद्दल डिक्लरेशन मागता येतं, फॅमिली कोर्ट अ‍ॅक्टच्या कलम 7 मध्ये ते बसतं. हे मी घाबरवायला नाही सांगत, पहिलं लग्न कायद्यानं संपलेलं नसताना दुसरं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि दुसरं लग्नच रद्दबातल ठरतं, त्यात सगळ्यात जास्त भोगावं लागतं ते बाईला.

आणि नोटिशीची घाई करू नका. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस संपते, परत पहिल्यापासून. कागद हातात आला की मग नोटीस द्या.

त्रिमूर्तीनगर_काकू

मुला, तुझ्या आईला सांग की हे होते, वेळ लागते पण होते. माझ्या पुतणीचं न्यू जर्सीचं होतं, आणि तिथं आम्ही टेक्साससारखंच समजून काउंटीत फोन लावत बसलो. तिकडं सगळं ट्रेंटनला सुपीरियर कोर्टाच्या रेकॉर्ड सेंटरमधून मागवावं लागलं. म्हणून बाकी कोणी वाचत असेल तर आपलं राज्य कोणतं ते आधी पाहा, प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. न्यूयॉर्कचं तर आणखी वेगळं, तिथं डिक्री काउंटी क्लर्ककडंच असते पण फाइल बंद राहते, नवरा-बायको किंवा त्यांचे वकील यांनाच दाखवतात, म्हणजे भावानं जाऊन मागितली तर देणार नाही. कॅलिफोर्नियात काउंटीच्या सुपीरियर कोर्टात.

पुतणीचा कागद आला तेव्हा ती दोन दिवस पाकीटच उघडत नव्हती. मी म्हटलं राहू दे, तुला जेव्हा वाटेल तेव्हा उघड. तुझ्या बहिणीला पण घाई नका करू, तिच्यासाठी तो नुसता कागद नाही नं बाप्पा.

गांधीबाग_77

मध्येच विचारतो, माफ करा. आमचं तर नागपूरचंच आहे. माझ्या मावशीचा घटस्फोट 2011 चा, इथल्याच फॅमिली कोर्टाचा, तिला डिक्री कधी मिळालीच नाही म्हणते, आता पेन्शनच्या कामाला पाहिजे. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर?

वकीलताई_सिव्हिललाइन्स

माहिती अधिकार नको. कोर्टाच्या निकालाची नक्कल कोर्टाच्या नियमानंच घ्यायची, सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये गुजरात हायकोर्टाच्या केसमध्ये तेच सांगितलं आहे. ई-कोर्ट्सच्या साइटवर मावशीच्या नावानं केस शोधा, सापडली तर त्या केसचा 16 अक्षरांचा सीएनआर नंबर (ओळख क्रमांक) मिळेल. सापडली नाही तर कोर्टात जाऊन त्या वर्षाच्या रजिस्टरमध्ये नावानं शोधून घ्या. मग नक्कल विभागात अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून, मावशी स्वतः पक्षकार आहेत म्हणून त्यांच्या सहीनं दिलेला बरा, तुम्ही दिला तर तुम्हाला त्या कागदाची गरज का ते सांगावं लागेल. खरं म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 च्या पोटकलम 4 प्रमाणं घटस्फोटाच्या डिक्रीची एक प्रत दोघांनाही फुकट द्यायची असते, पण कोणी मागत नाही आणि वर्षं निघून जातात.

आणि एक विचारते, कोर्टातच झालं होतं नक्की? कारण माझ्याकडं महिन्यात एक तरी जण असा येतो की 100 रुपयांच्या स्टॅम्पवर फारकत लिहिलेली, पाच पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, आणि विचारतो की ताई याची सर्टिफाइड कॉपी काढून द्या. त्याची कॉपी कुठल्याच कोर्टात नसते कारण कोर्टात काही झालंच नाही. जातीत तशी रूढी आहे हे सिद्ध करता आलं तर कायदा ती मानतो, पण ते सिद्ध करावं लागतं, नुसत्या स्टॅम्पनं सोडचिठ्ठी होत नाही.

गांधीबाग_77

कोर्टातच झालं ताई, तारखा आठवतात तिला. सोमवारी जातो.

मनीषनगर_दादा

मंडळी, सव्वादोन महिन्यांनी लिहून राहिलो. कागद आला.

मावसभाऊ मॅकिनीला गेला, कॉज नंबर सांगितला, काउंटरवरच कॉपी मिळाली, दोन सेट घेतले. त्याच्या आधी वकीलताईंनी सांगितलेलं शेवटचं पान आम्ही पीडीएफमध्येच पाहिलं होतं. ती ओळ आहे आणि खाली दोघांच्या सह्या आहेत. तरी एका वकिलांना सगळी 18 पानं दाखवली, ते हो म्हणाले तेव्हा आईनं त्या दिवशी नीट जेवण केलं. ऑस्टिनहून अपोस्टिल पोस्टानं यायला तीन आठवडे लागले, मग कुरियरनं इकडं. पूर्ण खर्च कुरियर धरून 12 हजाराच्या आतच झाला.

पाकीट बहिणीनं स्वतः उघडलं. काकू, तुमचं आठवलं म्हणून आम्ही कोणी घाई केली नाही, रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिनंच उघडलं. वरती अपोस्टिलचं पान, मागं डिक्री, शेवटच्या पानावर क्लर्कचा उठावदार शिक्का, तिनं त्याच्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग तिनं मधलं एक पान उघडून मला दाखवलं, त्याच्यात लिहिलं आहे की तिचं माहेरचं नाव तिला परत दिलं आहे. हे त्या पीडीएफमध्ये पण होतं, पण 2019 मध्ये तिनं ते पान वाचलंच नव्हतं म्हणे, तेव्हा वाचायची ताकदच नव्हती.

काल नोटीस दिली. मॅडमनी सगळी पानं पाहिली, झेरॉक्स मागितली, बाजूच्या दुकानवाल्यानं सवयीनं पिन काढायचा चिमटा उचलला तर बहिणीनं त्याच्या हातातून कागद काढून घेतला, म्हणाली भाऊ, अशीच काढा, वाकडी आली तरी चालेल. वाकडीच आली, मॅडमनी घेतली.